सुपर बिल्ट-अप आवाज

नवी मुंबईतल्या माणसाची दोन आकडे सांगताना जीभ कधी अडखळत नाही. एक फ्लॅटचे चौरस फूट आणि दुसरा म्युझिक सिस्टिमचे वॅट. ऐकणाऱ्याने दोन्ही निम्मे करून घ्यायचे असतात, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं. फ्लॅटमध्ये जिना, लिफ्ट, गच्ची, वॉचमनची केबिन, एवढंच काय, मीटरची खोलीसुद्धा चिमूट चिमूट मिसळली की सुपर बिल्ट-अप तयार होतो. स्पीकरच्या खोक्यावर 'पीएमपीओ' म्हणून जे छापलेलं असतं, तो आवाजाचा सुपर बिल्ट-अप. अ‍ॅम्प्लिफायरने आयुष्यात एकदाच, जीव जाता जाता, डोळ्याचं पातं लवायच्या आत जी किंकाळी फोडली असेल, तिचा तो आकडा. प्रत्यक्ष राहायला, म्हणजे ऐकायला, मिळतो तो आरएमएस, अर्थात कार्पेट. नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या पाठीवर हजार वॅट पीएमपीओ लिहिलेलं असे आणि आतला ट्रान्सफॉर्मर वीस वॅटलाच घामाघूम होई.

फ्लॅटच्या बाबतीत १ मे २०१७ रोजी महारेरा आला आणि बिल्डरला कार्पेट एरिया स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागला. अमेरिकेत तर फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ सालीच अ‍ॅम्प्लिफायरसाठी नियम केला, की वॅट सांगायचे तर ते कसे मोजले तेही सांगा. आपल्याकडे अजून ज्याचा त्याचा वॅट आणि ज्याची त्याची श्रद्धा.

हल्ली खोके बारीक झाले, आकडे मात्र खात्यापित्या घरचेच राहिले. तळहातावर मावेल एवढा अ‍ॅम्प, पुढे एकच गोल बटण, मागे चार-पाच भोकं, आणि अंगावर ऐटीत लिहिलेलं, १०० + १००. अशा वेळी अ‍ॅम्पकडे बघूच नये. त्याच्यासोबत आलेला अडॅप्टर उलटा करावा, चष्मा लावावा आणि बारीक अक्षरं वाचावीत. १२ व्होल्ट, ३ अँपिअर. बारा त्रिक छत्तीस. छत्तीस वॅट आत जातात आणि दोनशे बाहेर येतात. असं यंत्र खरोखर सापडलं असतं, तर त्याच्यावर गाणी ऐकत कोण बसलं असतं? सरकारने ते उचलून थेट उरणच्या वीज केंद्रात नेलं असतं.

तरीही मी या बुटक्या अ‍ॅम्पच्या पक्षाचा आहे. त्यांचं घराणं चांगलं आहे. २००५च्या सुमारास अमेरिकेत सॉनिक इम्पॅक्ट कंपनीचा 'टी-अँप' नावाचा एक प्लॅस्टिकचा डबा गाजला. आठ पेन्सिल सेलवर चालायचा, आत ट्रायपाथ कंपनीची टीए-२०२४ ही चिप. नावाला पंधरा वॅट, स्वच्छ आवाजाचे त्याच्या निम्मे. पण घरात रेफ्रिजरेटरच्या वजनाचे अ‍ॅम्प बाळगणाऱ्या लोकांनी तो ऐकला आणि त्यांची झोप उडाली. पुढे २००७ साली ट्रायपाथने दिवाळं काढलं, पण तोवर काम झालं होतं. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पमधला ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून बरीचशी वीज उष्णता म्हणून घालवतो. या 'क्लास डी'वाल्यांमधला एक तर पूर्ण उघडतो, नाही तर पूर्ण मिटतो, आणि हे सेकंदाला लाखो वेळा. त्यामुळे तापत नाही, जागा खात नाही, आणि पावसाळ्यात अ‍ॅम्पवर मोजे वाळवायची जुनी सोय तेवढी गेली.

आणि आपल्याकडे बुटका अ‍ॅम्प नवीन नाहीच. सान्योची एलए-४४४० नावाची एक आयसी होती. प्रत्येक बाजूला सहा वॅट, दोन्ही बाजू जोडल्या तर एकोणीस. लॅमिंग्टन रोडपासून गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यापर्यंत सगळे तिला नुसतं 'चव्वेचाळीस चाळीस' म्हणत. रिक्षात ती, चहाच्या टपरीत ती, छोट्या मंडळाच्या गणपतीसमोर ती. बारा व्होल्टची बॅटरी दिली की काम सुरू. बेस कमी पडला तर कारागीर लोक स्पीकर सरळ मातीच्या मडक्याच्या तोंडावर बसवत. हसू नका. पोकळी आणि अरुंद तोंड यांतून सूर कसा घुमतो याचं शास्त्र हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात मांडलं. आपल्याकडच्या टपरीवाल्याने ते न वाचता चाळीस रुपयांत सिद्ध केलं.

मुळात घरात वॅट लागतात तरी किती? बरा छोटा स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, साधारण ८६ डेसिबल आवाज देतो. आपण घरात बोलतो ते साठाच्या आसपास. म्हणजे एका वॅटमध्ये हॉलमधलं तिघांचं भांडण गाडून वर गाणं ऐकता येतं. आता गंमत अशी, की आवाज तीन डेसिबलने चढवायला वॅट दुप्पट लागतात. वीसचे चाळीस केले, पैसे मोजले, वायरी बदलल्या, की कान म्हणतो, "हं, जरा मोठा केलास का?" आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला वॅट दसपट लागतात. वीस वॅटचा माणूस दोनशेवाल्याकडे पाहून उसासे टाकत असतो, तेव्हा दोघांच्याही घरी संध्याकाळच्या बातम्या अर्ध्या वॅटवर चाललेल्या असतात.

आजोबांच्या पिढीचा मर्फी, बुश किंवा नॅशनल-एकोचा व्हॉल्व्हचा रेडिओ जेमतेम तीन-चार वॅटचा असे आणि त्यावर अख्खी आळी क्रिकेटची कॉमेंटरी ऐके. (मर्फीचा कारखाना खाडीपलीकडे ठाण्यातच होता.) त्या रेडिओला एवढ्याशा वॅटवर एवढा आवाज कसा, तर त्याची लाकडी पेटी ऐसपैस होती आणि कागदी कोन मोठा नि हलका होता. केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या नावातला शेवटचा एच ज्यांचा, त्या अँटन हॉफमन यांनी याचा एक नियमच सांगून ठेवला आहे. लहान खोका, खोल बेस आणि थोड्या वॅटवर मोठा आवाज. तिघांपैकी कुठलेही दोन घ्या, तिसऱ्याचं नाव काढू नका. नवी मुंबईच्या हॉलमध्ये पहिली अट बिल्डरने आधीच घातलेली असते. उरलेल्या दोघांपैकी एकाला निवडायचं, आणि बहुतेक जण आवाज निवडतात.

बेसवर पाणी सोडूनही चांगला आवाज काढता येतो, हे बीबीसीने सत्तरच्या दशकात दाखवलं. बाहेरच्या कार्यक्रमांसाठी फिरणाऱ्या व्हॅनमध्ये मावावा म्हणून त्यांनी एलएस-३/५ए नावाचा फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. माणसाचा आवाज हुबेहूब, वॅटच्या बाबतीत आळशी, आणि खालच्या सुरांना स्पष्ट नकार. व्हॅनमध्ये निवेदक नीट ऐकू आला की त्यांचं काम भागत होतं. आपले हॉल त्या व्हॅनपेक्षा फार मोठे नाहीत, पण आपल्याला निवेदक पुरत नाही. आपल्याला पखवाजही हवा असतो.

आणि तंबोरा. हा मुद्दा जरा सावकाश सांगतो, कारण वॅटच्या बाजारात तो कुणी सांगत नाही. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याच्या तंबोऱ्याचा खरज येतो सुमारे ६९ हर्ट्झवर. चार इंची वूफरचा छोटा स्पीकर ऐंशीच्या आसपास धापा टाकायला लागतो आणि सत्तरला जवळजवळ मुका होतो. मिरजेच्या कारागिरांना हॉफमनचा नियम हॉफमनच्या आधीपासून पाठ आहे, खरजाला पोट लागतं. म्हणून तर पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकणारा तो भलामोठा भोपळा. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो भोपळा दोन लिटरच्या प्लायवूडच्या खोक्यात कोंबून ऐकायची जिद्द मात्र आपली.

यावर निसर्गाने आपल्याला एक सवलत देऊन ठेवली आहे. स्पीकरमधून ६९ आला नाही तरी त्याच्या पटीतले १३८, २०७, २७६ हे सूर येतात. मेंदू ते ऐकतो, हिशेब करतो आणि गैरहजर खरजाची हजेरी स्वतःच लावून टाकतो. कॉलेजात आपण मित्रांची लावायचो तशी. त्यामुळे माणूस वर्षानुवर्षं सबवूफरशिवाय, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या वेगळ्या खोक्याशिवाय, गाणं ऐकतो आणि त्याला काही कमी आहे असं वाटतही नाही. कमी होतं हे कळतं ते सबवूफर नीट जुळल्यावर. आणि सबवूफर नीट जुळवलेलं घर सापडणं ही नवी मुंबईत तितकीच दुर्मीळ गोष्ट आहे, जितकी वाशी स्टेशनबाहेर रिकामी पार्किंगची जागा.

खरं तर छोट्या स्पीकरची आणि सबवूफरची जोडी जमायला अवघड नाही. छोट्या स्पीकरला आणि छोट्या अ‍ॅम्पला सर्वात जास्त दमवतो तो बेस. तेवढ्याच आवाजासाठी सूर एक सप्तक खाली उतरला की कोनाला चौपट मागेपुढे हलावं लागतं. ही हमाली सबवूफरने उचलायची. त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प असतो, त्यामुळे आपल्या बुटक्याला वरचं नाजूक काम तेवढं उरतं. फक्त एक मेख आहे. अ‍ॅम्पच्या मागे 'सब आउट' लिहिलेलं भोक असतं, ते बहुधा सबवूफरला खालचे सूर देतं पण छोट्या स्पीकरच्या डोक्यावरून काढून घेत नाही. नवा माणूस कामावर रुजू झाला आणि जुन्याचं कामही तसंच चालू, असा सरकारी प्रकार होतो. घेताना अ‍ॅम्पमध्ये छोट्यांकडे जाणारे खालचे सूर अडवणारा 'हाय-पास' आहे का ते विचारा. दुकानदार गोंधळला तर पुढच्या दुकानात जा.

सबवूफरच्या पाठीवर तीन गोष्टी असतात. आवाजाचं बटण, क्रॉसओव्हरचं बटण आणि फेजचा खटका. पहिलं सगळे फिरवतात, दुसरं कुणी कुणी फिरवतात, तिसरं धुळीने स्वतःच कधीतरी फिरतं. क्रॉसओव्हर, म्हणजे सबवूफरने कुठल्या सुरापर्यंत वाजायचं ती हद्द, ऐंशी हर्ट्झच्या आसपास ठेवली की कानाला बेस कुठून येतोय ते कळत नाही आणि सगळा आवाज समोरच्या छोट्यांतूनच येतोय असं वाटतं. तेच बटण उत्साहाने दीडशेवर नेलं, की पुरुषी आवाजाचा खालचा भाग सबवूफरमध्ये उतरतो. मग बातम्या देणाऱ्याचं डोकं टीव्हीत आणि छाती सोफ्याखाली. असं घर मी पाहिलं आहे. त्या घरातला कुत्रा सोफ्याखाली बघून भुंकायचा, आणि माझ्या मते त्या घरात ध्वनिशास्त्र एकट्या कुत्र्याला कळत होतं.

सबवूफर जोडला की त्यातून पहिला सूर येतो तो गाण्याचा नसतो. घूंऽऽऽ असा येतो. घरातली वीज ५० हर्ट्झची, आणि अर्थिंगमध्ये गोंधळ असला की हा सूर वायरीतून आत शिरतो. छोटे स्पीकर तो वाजवूच शकत नाहीत म्हणून इतके दिवस अब्रू झाकलेली होती. कान असलेल्यांनी पेटी काढून बघावी, ५० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचचा अतिखर्ज, किंचित चढा. अख्खा महाराष्ट्र चोवीस तास पांढरी पाच धरून बसलेला असतो, आणि तरी लोक म्हणतात आपल्याकडे रियाझ होत नाही. उपाय साधा आहे, अ‍ॅम्प, सबवूफर आणि टीव्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यायचे. केबलवाल्याची वायर काढून बघायची. निम्म्या घरांत घूं तिच्यातूनच येते.

खरेदीचं म्हणाल तर वाशीच्या मॉलमध्ये सगळं मिळतं आणि घरबसल्याही मिळतं. पण ज्याला गोडी आहे तो ग्रँट रोडला उतरतोच. लॅमिंग्टन रोडचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी टॅक्सीवाल्यापासून इंजिनिअरपर्यंत कुणी ते वापरत नाही. तिथला विक्रेता आपल्याला काही विचारत नाही. तो बेसचं बटण उजवीकडे शेवटपर्यंत फिरवतो, मागच्या वर्षीच्या गणपतीतलं एखादं गाणं लावतो, आणि गाण्याकडे नाही, आपल्या शर्टाकडे बघतो. शर्ट हलला की तो पावतीपुस्तक काढतो. आपण म्हणावं, "जरा तंबोरा ऐकवता का?" तो पोऱ्याला हाक मारतो, "अरे, यांना ते योगाचं लाव."

परतीचा प्रवास हार्बर लाइनचा. दहा इंची सबवूफरचा खोका घेऊन संध्याकाळी पनवेल लोकलमध्ये चढलेल्या माणसाला लगेजच्या डब्याशिवाय कुणी थारा देत नाही. तिथे मासळीच्या पाट्या, फुलांची गाठोडी, भाजीचे हारे. मानखुर्दपर्यंत चारजण विचारतात, काय आहे? खाडीपुलावर एखादी कोळीण खोक्यावर टेकते. नेरूळला उतरेपर्यंत सबवूफरला त्याचा खरा व्यवसाय सापडलेला असतो, पण तो मुद्दा नंतर.

आता तो ठेवायचा कुठे? यासाठी जगभर मान्य असलेली एक पद्धत आहे आणि ती वाचून कुणाचा विश्वास बसणार नाही. सबवूफर उचलून आपल्या नेहमीच्या बसायच्या जागी, म्हणजे सोफ्यावर, ठेवायचा. बेस असलेलं गाणं लावायचं. मग आपण गुडघ्या-हातांवर येऊन, कान जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवून, भिंतीभिंतीने खोलीभर रांगायचं. जिथे बेस स्वच्छ आणि एकसारखा ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवायचा. ध्वनी जिथून जिथे जातो तिथून उलटाही तसाच येतो, या तत्त्वावर हे चालतं. पुस्तकात या तत्त्वाला पारस्परिकता म्हणतात. सोसायटीत वेगळं काही म्हणतात.

नेरूळला एका मित्राकडे हा सोहळा पाहायचं भाग्य मला लाभलं. मित्र बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. रविवारची सकाळ, अंगात बर्म्युडा, मान एका बाजूला कललेली, आणि गृहस्थ शूरॅकपासून टीव्हीच्या दिशेने रांगतायत. सोफ्याच्या मधोमध सबवूफर, दोन्ही बाजूंना उशा. कामाच्या मावशी झाडू घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"काय हरवलंय का, दादा?"

"नाही मावशी. ऐकतोय."

मावशींनी सोफ्यावर बसलेल्या खोक्याकडे पाहिलं, जमिनीवरच्या दादांकडे पाहिलं, आणि पदर खोचत सरळ स्वयंपाकघरात गेल्या. आतून दबका आवाज आला, "वहिनी, दादांना बरं नाही का?" त्यावर वहिनींचं उत्तर, "त्यांना बरंय. तुम्ही त्यांच्या कडेकडेने केर काढा."

निष्कर्ष काय निघाला? सर्वोत्तम जागा देवघराच्या बरोब्बर खाली होती. शास्त्राला काही फरक पडत नाही, पण आजींना पडला. "देवाच्या पायाशी धडधड नको," एवढं बोलून त्यांनी माळ ओढायला घेतली. दुसऱ्या क्रमांकाची जागा फ्रिजचं दार उघडण्याचा मार्ग. तिसरी, बाथरूमचा उंबरठा. वास्तूवाल्या मेहुण्यांनी फोनवरून आग्नेय कोपरा सुचवला. तिथे गॅस होता. सबवूफर शेवटी शूरॅकशेजारी गेला, म्हणजे जिथून मोहीम निघाली तिथेच. छोटे स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा असं पुस्तक सांगतं. इथे त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकाला डायनिंग टेबलाचा पाय आला, त्यामुळे उत्तम स्टिरिओ फक्त टेबलाखाली बसलेल्या नातवाला मिळतो.

जागेची ही एवढी शोधाशोध उगाच नसते. आपल्याकडे बेडरूम दहा बाय दहाची असते, आणि चौरस खोली हा बेसचा मोठाच वैरी. दहा फूट म्हणजे तीन मीटरच्या थोडं वर. एवढ्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झचा सूर अडकून पडतो. लांबीतही ५६, रुंदीतही ५६. तो एक सूर ढोलासारखा फुगतो, बाकीचे शेजारी उपाशी. त्यातही न्याय असा, की हा फुगलेला सूर भिंतींपाशी सर्वात जोरात असतो आणि खोलीच्या मधोमध जवळपास शून्य. पैसे मोजून सबवूफर आणणारा खुर्ची टाकून मध्यभागी बसतो. त्याला काहीच ऐकू येत नाही, म्हणून तो आवाज वाढवतो. भिंतीला पलंग लावून झोपलेल्या शेजाऱ्याला मात्र पूर्ण कार्यक्रम, विनामूल्य. खुर्ची भिंतीकडे फूटभर सरकवली तरी बराच फरक पडतो. पण हे सुचण्याआधी माणसं आणखी मोठा सबवूफर घेतात.

मग तक्रार येते. शेजाऱ्यांची तक्रार गाण्याबद्दल नसते, कारण गाणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. वरचे सूर भिंत अडवते, खालचे भिंतीला जुमानत नाहीत. "गाणं ऐकू आलं असतं तर काही म्हटलं नसतं हो, नुसतंच धब् धब्. आमच्या मांडणीतले स्टीलचे डबे वाजतात." सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य ऐकलं नाही असा सेक्टर नवी मुंबईत नसेल. कायदा बघावा, तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. पण हे डेसिबल 'ए' मापातले. ते माप माणसाच्या कानाच्या कलाने चालतं आणि खालच्या सुरांना फारच सूट देतं, ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबलची. म्हणजे ७० डेसिबलचा बेस मीटरवर ४४ दिसतो. रात्री दोन वाजता, डबे नाचतायत, काका पलंगावर उठून बसलेत, आणि सबवूफर कायद्याच्या दृष्टीने निर्दोष. अशा वेळी मीटर दाखवून वाद जिंकणारे लोक आहेत. ते पुढच्या वर्षी पार्किंगची जागा हरतात.

अर्थात या शहरात बेसचा खरा मक्ता सेक्टरांकडे नाहीच. तो गावठाणांकडे आहे. घणसोली, कोपरखैरणे, करावे, दिवाळे, कुठल्याही आगरी-कोळी घरी हळद असली की त्या रात्री आधी बेंजो आणि मग डीजे. त्या भिंतीएवढ्या खोक्यांसमोर आपला दहा इंची म्हणजे टाचणी. मी अशा रात्री स्वतःचा सबवूफर बंद करतो. खालचे सूर गावाकडून येतायत, वरचे आपण घालावेत. ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर आपले सेक्टर उभे राहिले, त्यांच्या लग्नाचा ठेका थोडा आपल्या खिडकीत आला तर मला वैषम्य वाटत नाही. दहानंतर वाटतं, ते वेगळं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०१७ साली जस्टिन बीबर आला, २०१९ मध्ये यू-टू, २०२५च्या जानेवारीत कोल्डप्ले तीनदा. त्यांची तिकिटं हजारोंच्या घरात. हळदीला निदान जेवण मिळतं.

आता सबवूफरचा खरा व्यवसाय. महिन्याभरात त्याच्यावर क्रोशाचा रुमाल येतो. रुमालावर फ्लॉवरपॉट, आणि बेस आला की प्लॅस्टिकची फुलं मान हलवतात. मग चार्जर, चाव्या, पेपर. गणपतीत त्याच्यावर मखर चढतं, दिवाळीत फराळाचा डबा, आणि पाहुणे जास्त झाले की कुणीतरी मामा बसतात. मागच्या बाजूला हवा जायला जे गोल भोक असतं, त्यात घरातलं लहान मूल गोट्या, रिमोटचे सेल आणि एकदा तरी आजीच्या गोळ्यांचं पाकीट टाकतं. त्याच भोकात जुना मोजा कोंबला तर धबधब कमी होते. हा उपाय अगदी खरा आहे, काही कंपन्या त्यासाठी फोमचं बूच खोक्यातच देतात. मोजा मात्र धुतलेला असावा, कारण हवा आतबाहेर करते.

पावसाळ्याचं एक सांगायला हवं. जुन्या वूफरच्या कडेला फोमची पट्टी असते. खाडीकाठच्या दमट हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होते, बोट लावलं की हातात येते. लोकांना वाटतं स्पीकर गेला. स्पीकर धडधाकट असतो, फक्त कड बदलून मिळते. नवा घेताना रबरी कडेचा घ्यावा, आणि हा एकच प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर दुकानात बोट लावून तपासता येतं.

त्या नेरूळच्या घरी शेवटी सबवूफरचा आवाज एवढा खाली आणला, की तो चालू आहे की बंद हेच कळेना. मित्राला वाटलं पैसे पाण्यात गेले. त्याने खात्री करायला काळी एकमधला तंबोरा लावला आणि पाठीमागचा खटका बंद केला. आजी जप थांबवून म्हणाल्या, "काय काढलंस? लाव परत." शूरॅकशेजारच्या त्या खोक्याला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्रक, आणि माझ्या मते पुरेसं. सबवूफर चालू असताना पाहुण्याने "वा, काय बेस आहे!" म्हटलं तर समजावं की बटण दोन घरं जास्त फिरलंय.

तेव्हा घेणाऱ्यांनी जरूर घ्यावा. चाळीस-पन्नास खरे वॅट, दोन छोटे स्पीकर, आठ किंवा दहा इंची एक सबवूफर, एवढ्यात नवी मुंबईचा कुठलाही हॉल भरतो आणि वर उरतो. रात्री दहा वाजले की सबवूफरचा खटका तेवढा बंद करा. छोटे स्पीकर खुशाल चालू ठेवा, त्यांचा आवाज आपल्याच घरात राहतो.